कॅम्पर व्हॅनमध्ये डीटीएच: छत्री टपावर नको, जमिनीवर हवी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडवरच्या एका कुटुंबाने जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर व्हॅन करून घेतली आहे. आई बरोबर असतात, त्यांना संध्याकाळच्या मालिका हव्यात. मुलांना मॅच हवी. भंडारदरा, नागाव असे बेत आहेत आणि तिथे मोबाइलची रेंज भरवशाची नसते. टपावर आपोआप उपग्रह शोधणारी घुमटासारखी डिश बसवावी का, घरचं कनेक्शन नेता येईल का, कंपनी कोणती घ्यावी आणि गाडीच्या बॅटरीवर हे सगळं चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ठाणे आणि नवी मुंबईत डीटीएच बसवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर असे प्रश्न माझ्याकडेही येऊ लागले. माझं उत्तर प्रत्येक वेळी एकच असतं: टपावर काही बसवू नका. घरी असते तशीच साधी 60 सेंटिमीटरची छत्री घ्या, ती घडीच्या तिपाईवर लावा आणि गाडीपासून लांब, मोकळ्या जागेत ठेवा. गाडीला सावली हवी असते आणि छत्रीला उघडं आकाश. दोन्ही एकत्र बांधली की दोघांचीही अडचण होते. दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत आईंना बसवून टीव्ही दाखवण्यात काय अर्थ आहे?

आधी घुमटाच्या डिशबद्दल सांगतो, कारण पैसे तिथेच अडकतात. चांगल्या स्वयंचलित घुमटाची किंमत लाखांत जाते. आतली छत्री बहुधा 40 सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे घरच्या छत्रीच्या निम्म्याहून कमी क्षेत्रफळ. स्वच्छ आकाशात चित्र दिसेल, पण पावसाची जोरदार सर आली की घरच्या छत्रीच्या कितीतरी आधी ते जाईल. शिवाय त्याच्या यादीत आपल्याकडचे उपग्रह असावे लागतात. अमेरिकेतून येणारे नातेवाईक तिथे आरव्हीवर, म्हणजे राहत्या गाड्यांवर, वापरतात ती टेलगेटर नावाची पेटी आणतात. ती तिथल्या डिश नेटवर्कच्या उपग्रहांसाठी बनवलेली आहे आणि ती कंपनी वेगळी, आपली डिश टीव्ही वेगळी. तिथला सिग्नल वर्तुळाकार ध्रुवणाचा, म्हणजे त्याच्या लहरी गोल फिरत येतात; आपल्या लहरी सरळ रेषेत कंप पावतात. पेटी आकाशात जे शोधते ते आपल्या आकाशात नाहीच, त्यामुळे ती इथे उपयोगाची नाही.

घुमट न घेता साधी छत्रीच टपावर पक्की केली तर? 60 सेंटिमीटरच्या छत्रीची नजर साधारण तीन अंश रुंद असते, म्हणजे मधल्या रेषेपासून दीड अंश इकडे-तिकडे. गाडी स्प्रिंगवर उभी असते. कोणी आत चढलं, मुलं एका बाजूला जाऊन बसली, की टप कलतो आणि चित्राचे तुकडे पडायला लागतात. टपाला भोकं पाडली की पावसाळ्यात गळतीही ठरलेली. आणि कायमचं काही बसवायचंच असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेतल्या बदलांबद्दल आहे, तेव्हा आधी आरटीओत विचारून घ्या.

आता कंपनी. चॅनेलच्या पॅकवरून कंपनी ठरवण्याची सवय आपल्याला असते. घरासाठी ते बरोबर आहे. कॅम्पिंगला मात्र तिचा उपग्रह आकाशात किती उंच आहे, हे आधी बघायचं. टाटा प्लेचे उपग्रह 83 अंश पूर्व रेखांशावर आहेत. तिथला जीसॅट-24 एनएसआयएल या सरकारी अंतराळ कंपनीने जून 2022 मध्ये सोडला आणि तो सगळाच्या सगळा टाटा प्लेला दिलेला आहे. ठाण्यातून पाहिलं तर होकायंत्रावर त्यांची दिशा साधारण 152 अंश येते, म्हणजे दक्षिण आणि आग्नेय यांच्या मधली, आणि उंची क्षितिजापासून 65 अंश. डीडी फ्री डिशचा जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. दिशा 131, जवळजवळ थेट आग्नेय, उंची 57. एअरटेलचा एसईएस-7 हा 108.2 अंशांवर, दिशा 115 आणि उंची फक्त 44.

हे आकडे झाडांच्या हिशोबात महत्त्वाचे ठरतात. समजा नागावच्या वाडीत छत्रीच्या टोकापेक्षा 20 मीटर उंच नारळ नेमका त्याच दिशेला आहे. टाटा प्लेला त्या झाडापासून साडेनऊ मीटर मागे सरलात की पुरे. फ्री डिशला 13 मीटर लागतील, एअरटेलला 21 च्या आसपास. वाडीत 21 मीटर मोकळी जागा मिळत नाही, 10 मीटर मिळते. म्हणून झाडीत मुक्काम करणाऱ्याला मी एअरटेल सुचवत नाही. सेवेत काही खोट आहे म्हणून नव्हे, उपग्रह खाली आहे म्हणून. घरी आधीच एअरटेल असेल तर ते टाकून नवीन घ्यायचं कारण नाही. 30 मीटरची केबल बरोबर ठेवा, भागेल.

डोंगर आडवा येईल ही भीती मात्र सोडून द्या. माळशेजच्या पायथ्याला किंवा कर्जतकडे पूर्वेला सह्याद्रीची भिंत दिसते आणि लोक घाबरतात. पण 700 मीटरचा कडा 44 अंशांवरच्या उपग्रहाला झाकायचा तर तुम्ही त्याच्यापासून जेमतेम सातशे मीटरच्या आत असायला हवं. मुक्कामाच्या जागी असं क्वचित होतं. चित्र घालवतं ते डोक्यावरचं आंब्याचं झाड. पानातला ओलावा हा सिग्नल शोषून घेतो, त्यामुळे "पानंच तर आहेत, मधून येईल" हा हिशोब चालत नाही.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट नेहमी बघतो. समुद्र मोकळा दिसतो म्हणून माणूस छत्रीचं तोंड समुद्राकडे करतो. आपला समुद्र पश्चिमेला आहे आणि इथल्या डीटीएच कंपन्यांचे सगळे उपग्रह दक्षिण ते पूर्व या टप्प्यात आहेत. म्हणजे छत्रीची पाठ समुद्राकडे आणि तोंड गावाकडे हवं. मग मध्ये येतं ते सुरूचं बन. म्हणून काशीद, नागाव अशा ठिकाणी गाडी सुरूंच्या सावलीत राहू द्या आणि छत्री बनाच्या पुढे, भरतीच्या रेषेपासून सुरक्षित अंतरावर, वाळूत न्या; बनापासून किती लांब, ते वरच्या नारळाच्या हिशोबाने बघा.

तुमच्या गरजेसाठी माझं मत सांगतो. वर्षातून मोजक्याच शनिवार-रविवारी बाहेर पडणार असाल तर डीडी फ्री डिशने सुरुवात करा. बॉक्स आणि छत्रीचा एकदाच खर्च, पुढे रिचार्ज नाही. बॉक्स एमपीईजी-4 चा घ्या, जुन्या एमपीईजी-2 बॉक्सवर चॅनेल कमी दिसतात. सह्याद्री वाहिनी त्यावर आहेच. भारतात होणारे भारतीय संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने डीडी स्पोर्ट्सवर मिळतात, कारण 2007 च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. आयपीएल मात्र त्यात गृहीत धरू नका. आणि आईंची मालिका ठरावीक खाजगी वाहिनीवर असेल, तर ती फ्री डिशवर आहे का ते आधी बघा. तिथल्या खाजगी वाहिन्या लिलावाने येतात, बदलत राहतात.

मालिका चुकवायची नसेल तर घरच्याच कंपनीकडून त्याच ग्राहक क्रमांकाखाली दुसरा बॉक्स घ्या. घरातला रोजचा बॉक्स उचलून नेऊ नका. दर वेळी मागच्या वायरी काढताना सॉकेट सैल होतात आणि परत आल्यावर घरचा टीव्ही बंद पडतो. उपग्रहाचा सिग्नल ठाण्यात आणि भंडारदऱ्यात सारखाच, त्यामुळे तांत्रिक अडचण काही नाही. पण कनेक्शन नोंदवलेल्या पत्त्यासाठी असतं, तेव्हा गाडीत वापरणार आहोत हे कंपनीला सांगून, विचारून घ्या.

रिचार्जवाल्या बॉक्सची एक खोड आहे. कोणते चॅनेल उघडायचे याची परवानगी त्याला उपग्रहावरूनच येते. दोन-तीन महिने कपाटात पडून असलेला बॉक्स थेट कॅम्पवर लावलात की सिग्नल पूर्ण दिसतो आणि चॅनेल मात्र "सबस्क्राइब केलेला नाही" म्हणून अडतो. तिथे रेंज नाही, रिफ्रेशचा आदेश पाठवायचा कसा? म्हणून निघायच्या आदल्या दिवशी घरच्या छत्रीची केबल त्या बॉक्सला लावा आणि तासभर चालू ठेवा. चॅनेल उघडले नाहीत तर घरूनच ॲपमधून रिफ्रेश द्या.

आता प्रत्यक्ष जुळवणी. हे पहिल्यांदा ठाण्यातच करा, कॅम्पवर नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये होईल असं नाही; घोडबंदर रोडवर 90 मीटरचा टॉवर आग्नेयेला असेल तर फ्री डिशसाठी त्याच्यापासून साठेक मीटर लांब असायला हवं. गच्चीवर परवानगी मिळाली तर उत्तम, नाहीतर खारघरसारख्या मोकळ्या भागात एक सकाळ काढा.

सगळ्यात आधी तिपाईचा खांब ओळंब्यात आणा. पाणसळ खांबाच्या दोन बाजूंना, एकमेकींशी काटकोनात लावून बघायची. यावर मी एवढा जोर का देतो? खांब सरळ असेल तरच छत्रीच्या मागच्या पट्टीवर छापलेले उंचीचे अंश खरे ठरतात. खांब पाच अंश कलला की पट्टीवरचे 57 अंश प्रत्यक्षात 52 किंवा 62 असू शकतात, आणि मग तुम्ही तासभर छत्री फिरवत राहता पण उपग्रह सापडत नाही. "सिग्नलच नाही" अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या कॅम्परवाल्यांकडे मला बहुतेक वेळा वाकडा खांबच सापडतो.

खांब सरळ झाला की पट्टीवर उंची लावा आणि नट हाताने घट्ट होतील एवढेच आवळा. छत्री बघून गोंधळू नका. आपल्याकडच्या छत्र्यांचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा छोटा डबा, खालच्या दांड्यावर असतो, त्यामुळे छत्री दिसते त्यापेक्षा साधारण 25 अंश वर बघत असते. फ्री डिशच्या 57 अंशांना ती फक्त तिशी-बत्तिशी अंशच मागे रेललेली दिसते. ते बरोबर आहे.

दिशेसाठी फोनचं होकायंत्र पुरतं. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नाही. पण गाडीजवळ किंवा लोखंडी तिपाईला टेकून ते पाहिलंत तर सुई भलतीकडे जाते. तिपाईपासून तीन-चार मीटर मागे उभे राहा, 131 अंशांवर दूर काय आहे ते बघा, एखादा विजेचा खांब, टेकडीचं टोक, आणि मग छत्रीचा दांडा त्या खुणेकडे वळवा. खुणेच्या दहा-पंधरा अंश अलीकडून सुरुवात करून पलीकडे जायचं.

इथे घाई करायची नाही. बॉक्सच्या सिग्नलच्या पानावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ नुसती केबल आणि एलएनबी जोडला तरी वर जाते, छत्री भिंतीकडे असली तरी. तिच्याकडे बघूच नका, क्वालिटीकडे बघा. छत्रीची कड दोन बोटांनी धरून बोटाच्या जाडीएवढी सरकवा, हात काढा, तीन सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. सलग फिरवत गेलात तर उपग्रहावरून पुढे निघून जाल आणि पट्टी हलणारही नाही. क्वालिटी एकदा उडी मारून वर आली की आधी दिशेत सगळ्यात वरचा आकडा शोधा, मग उंचीत, मग नट आळीपाळीने आवळा. एकच नट पूर्ण आवळला की छत्री हळूच वर उचलली जाते, म्हणून आवळताना डोळे क्वालिटीवर ठेवा. तुमच्या बरोबरच्या कोणाला तरी टीव्हीसमोर बसवून आकडा मोठ्याने वाचायला सांगा.

बाजारात काट्याचा, चिवचिव आवाज करणारा छोटा मीटर मिळतो. तो घ्यायला हरकत नाही, पण तो कोणत्याही उपग्रहावर चिवचिवतो. फ्री डिशचा 93.5 आणि डिश टीव्हीचा 95 हे दोन उपग्रह अगदी शेजारी आहेत आणि मीटरला त्यांतला फरक कळत नाही. शेवटचा निकाल बॉक्सच्या क्वालिटीचाच.

एलएनबी त्याच्या पकडीत जितका फिरवलेला आहे तो कोन एकदा जुळला की पक्क्या मार्करने पकडीवर आणि एलएनबीवर मिळून एक रेघ ओढा. तशीच रेघ उंचीच्या पट्टीवर. ठाणे, रायगड, भंडारदरा, पवना या टप्प्यात दिशा आणि उंची एक-दोन अंशांपलीकडे बदलत नाही, त्यामुळे पुढच्या खेपेला फक्त खांब सरळ करून छत्री डावी-उजवी फिरवायची. गोव्याला गेलात तर फ्री डिशची दिशा 127 आणि उंची 61 होते, तेवढं पट्टीवर बदला.

मुक्कामाच्या गावात शिरताना घरांच्या छपरांकडे बघत जा. तुमच्याच कंपनीची छत्री दिसली की तिचा कल आणि तोंड मनात ठेवा. तुमची तिच्याशी समांतर लागली पाहिजे. होकायंत्राने गोंधळ घातला तर हाच सगळ्यात भरवशाचा उपाय. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाहेर असाल तर सकाळी 11 च्या जरा आधी सूर्य फ्री डिशच्या उपग्रहाच्या जवळपास मागेच असतो. त्या वेळी ज्या जागेवर ऊन पडतं ती जागा छत्रीला चालते. त्याच दिवसांत, आणि मार्चमध्येही, सूर्य नेमका मागे आला की काही मिनिटं चित्र जातं. तेव्हा छत्री हलवू नका, आपोआप परत येतं.

केबल आरजी-6, आतली तार तांब्याची. केबलच्या टोकाला एफ कनेक्टर लावताना साल काढल्यावर बाहेरच्या जाळीचा एखादा केस मधल्या तारेला चिकटून राहिला तर एलएनबीला जाणारे 13 किंवा 18 व्होल्ट तिथेच शॉर्ट होतात. उजेडात धरून बघा आणि मगच कनेक्टर फिरवा. जोडताना-काढताना बॉक्स बंद हवा. एलएनबीकडे केबल खालून वर जाऊ द्या, म्हणजे पावसाचं पाणी कनेक्टरमध्ये न जाता केबलच्या खालच्या वळणावरून गळून जातं. तिपाईला मधोमध पाण्याचा 20 लिटरचा भरलेला कॅन टांगा, किनाऱ्यावर वर तीन दोऱ्याही ताणा.

विजेचा हिशोब सोपा आहे. 24 इंची एलईडी टीव्ही आणि एलएनबीसह बॉक्स मिळून 40-45 वॅट धरा. चार तासांना 180 वॅट-अवर, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून 15 एएच (ॲम्पिअर-अवर). इन्व्हर्टर मध्ये असेल तर 20 च्या आसपास. गाडीच्या आतल्या वापरासाठी वेगळी 100 एएचची बॅटरी असेल तर एक संध्याकाळ आरामात निघते, फक्त लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली नेऊ नका. इंजिन चालू करण्याच्या बॅटरीवर टीव्ही अजिबात लावू नका. सकाळी गाडी सुरू झाली नाही तर आईंना घेऊन आडरानात अडकाल. बॉक्सच्या अडॅप्टरवर आउटपुट वाचा. ते 12 व्होल्ट असेल तर इन्व्हर्टरची गरज नाही, पण थेट बॅटरीलाही जोडू नका, कारण इंजिन चालू असताना तिथे 14 व्होल्टच्या वर जातं. मध्ये 12 व्होल्ट कायम ठेवणारा कन्व्हर्टर लावा.

पावसाळ्याबद्दल आशा लावत नाही. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असल्याने दाट पावसात त्या शोषल्या जातात. 90 सेंटिमीटरची छत्री सव्वादोन पट सिग्नल गोळा करते आणि मध्यम पावसात तग धरते, पण तेवढी मोठी वस्तू गाडीत वागवावी असं मला वाटत नाही. सर ओसरली की चित्र येतं. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली तर मात्र मॅच कितीही रंगात असली तरी केबल गाडीतून काढा आणि छत्री आडवी करून ठेवा.

रात्री कॅम्पवर आवाज लांब जातो. शेजारच्या तंबूतली माणसं शांततेसाठी आलेली असतात. आईंसाठी वायरचा लांब हेडफोन घ्या, त्यांना संवादही नीट ऐकू येतील.

गाडीतली बॅटरी किती एएचची, टीव्ही किती इंचाचा आणि बॅटरीपासून टीव्हीपर्यंत अंतर किती, एवढं कळवा. म्हणजे वायर किती जाड घ्यायची आणि फ्यूज किती ॲम्पिअरचा, ते नेमकं सांगतो.